टक्कल पडू लागलं की: टोमणे, सलून, स्थळं आणि लग्नाचा मांडव

पुरुषाच्या डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले की ते बहुतेक वेळा आधी दुसऱ्याला दिसतात. भोवऱ्याजवळची जागा आरशात येत नाही. मागच्या बाकावरच्या मित्राला, पंगतीत वाढणाऱ्या आत्याला, सलूनमधल्या कारागिराला ती दिसते. म्हणून पहिली बातमी येते ती टोमण्यातून: ‘काय रे, चंद्र उगवला वाटतं!’ बोलणारा पाच मिनिटांत विसरतो. ऐकणारा मात्र त्या दिवसापासून फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो, पंख्याखालची खुर्ची सोडतो, पावसात भिजायचं टाळतो.

यातून बाहेर पडायचं तर आधी कारण ओळखावं, मग कसं दिसायचं ते ठरवावं आणि त्यानंतर उपचारांवर खर्च करावा. बहुतेक जण उलटे जातात. टोमणा लागला की त्याच रात्री तेल मागवतात, पुढच्या महिन्यात पॅच, म्हणजे टक्कल झाकणारा केसांचा तुकडा, लावतात, वर्षभरात शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढतात. घाईत, लाजेपोटी घेतलेला निर्णयच इथे सर्वात महाग पडतो.

आधी हे नेमकं काय आहे ते बघा

रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच आहे. कंगव्यातला पुंजका बघून घाबरू नका, केस कुठून कमी होतायत ते बघा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून रेषा मागे सरकत असेल, भोवऱ्याजवळ विरळ होत असेल आणि कानांवरचे व मागचे केस दाट असतील, तर ते पुरुषांमधलं नेहमीचं आनुवंशिक टक्कल. यात डीएचटी नावाच्या संप्रेरकामुळे केसांची मुळं वाढीच्या दर फेरीला आखडत जातात. केस एकदम जात नाही, आधी बारीक होतो, मग आखूड, मग लव. म्हणूनच ‘गळताना दिसत नाहीत, पण कमी झालेत’ असं अनेकांना वाटतं. पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांमध्ये ते कमीअधिक दिसतं. ‘आईच्या वडिलांचं डोकं बघ, तसंच होणार’ हे अर्धंच खरं आहे. जनुकं दोन्हीकडून येतात.

याहून वेगळे प्रकारही ओळखता यायला हवेत. डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा कडक डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी डोकंभर केस गळू लागले, तर ते बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत आपोआप भरून येतात. नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला तर ती चाई. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मुळांवर उठल्याने ती पडते आणि कुणाकडून कुणाला लागत नाही. तिच्यावर लसूण-कांदा खसाखसा चोळला की कातडी भाजते आणि त्वचारोगतज्ज्ञाला आधी ती जखम बरी करावी लागते. खाज, पापुद्रे, तुटलेले केस असतील तर बुरशीची शक्यता असते. ती मात्र कंगवा, टॉवेल, टोपी यांतून पसरते.

हेल्मेटमुळे किंवा बोअरच्या पाण्यामुळे टक्कल पडत नाही. जड पाण्याने केस राठ होतात, हेल्मेटमधल्या घामाने टाळू खाजते, इतकंच. आतून सुती रुमाल बांधा आणि हेल्मेट घालत राहा.

प्रगती मोजायची असेल तर महिन्यातून एकदाच फोटो काढा. त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांनी, चार बाजूंनी: समोरून, दोन्ही कोपरे आणि वरून. ओल्या केसांचा फोटो नको, त्यात टाळू नेहमीच जास्त दिसते. रोज आरशात बघून काहीच कळत नाही, फक्त मन खचतं.

कारण न कळता नाव पडलं की काय होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात दिसलं. शेगाव तालुक्यातल्या काही गावांत बायका-पुरुष-मुलं अशा अनेकांचे केस काही दिवसांतच गेले. बातम्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ म्हटलं आणि लोक त्या गावांकडे संशयाने बघू लागले. पुढे तपासण्यांमध्ये शरीरात सेलेनियम या खनिजाचं प्रमाण वाढल्याचं समोर आलं. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तोवर संसर्गाची भीती घरोघरी पोचली होती. आपल्या ओळखीत कुणाचे केस अचानक गेले, तर त्याच्यापासून लांब राहू नका आणि नाव ठेवायची घाई करू नका. डॉक्टर निदान करेपर्यंत थांबा.

टोमण्याला उत्तर कसं द्यायचं

उत्तर एका वाक्याचं असावं, आवाज नेहमीचा असावा आणि पाठोपाठ विषय बदलावा. लांब स्पष्टीकरण दिलं की समोरच्याला गप्पांना विषय मिळतो.

मित्राला, एकटं गाठून: ‘केसांवरून बोलणं बंद कर. मला लागतं ते.’ बास. ‘लागतं’ हा शब्द टाळू नका. जवळच्या माणसाला खरंच माहीत नसतं.

घरातल्या मोठ्यांना: ‘हो आत्या, केस कमी झालेत. डॉक्टरांना दाखवलंय. तुझा गुडघा कसा आहे आता?’ यात मान राखला जातो आणि दारही बंद होतं.

उपाय सुचवणाऱ्यांना, मग तो जास्वंदीचं तेल असो की कुणाचा तरी वैद्य: ‘तुम्ही काळजीने सांगताय हे कळतं. पण मी काय करायचं ते ठरवलंय.’ वाद घालू नका. तेलाने फायदा होत नाही हे पटवायला गेलात तर अर्धा तास केसांवरच जातो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच स्वतःच्या डोक्यावर विनोद करणं. सुरुवातीला त्याने बरं वाटतं, पण त्यातून सगळ्यांना परवाना मिळतो, आणि तो नंतर परत घेता येत नाही. दुसरी म्हणजे सहा महिने हसून सोडून देणं आणि मग एखाद्या साखरपुड्यात सगळ्यांसमोर भडकणं. तेव्हा चूक तुमची ठरते. पहिल्या नाहीतर दुसऱ्या वेळीच, शांतपणे, बाजूला घेऊन सांगा.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टकल्या’ हे नावच पडलं असेल, तर तसं म्हणणाऱ्याला आधी तोंडी सांगा. पुन्हा झालं तर त्यालाच एक ओळ लिहून पाठवा: ‘मला या नावाने हाक मारू नये, असं मी अमुक तारखेला सांगितलं होतं.’ तिसऱ्यांदा झालं तर तो संदेश आणि स्क्रीनशॉट घेऊन वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे जा. आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्त्रियांच्या तक्रारींसाठी आहे, त्यामुळे इथे कंपनीची आचारसंहिता हाच आधार. ब्रिटनमध्ये २०२२ साली एका रोजगार न्यायाधिकरणाने कामाच्या ठिकाणी पुरुषाला टक्कलावरून शिवी देणं हा लिंगाशी निगडित छळ ठरवला आणि पुढच्या वर्षी अपिलातही तो निकाल टिकला. म्हणजे ‘यात काय एवढं’ म्हणणाऱ्यांना दाखवायला निदान एक दाखला आहे.

आईवडिलांसाठी स्वतंत्र सांगायला हवं. मुलगा जेवायला बसला की त्याच्या डोक्याकडे बघून सुस्कारा टाकू नका. ‘लग्न कसं होणार’ हे वाक्य त्याच्या कानावर रोज पडतंय. त्याऐवजी एकदाच विचारा: ‘यावर बोलायचंय का तुला?’ तो नको म्हणाला तर विषय सोडा आणि तो काढेपर्यंत थांबा.

सलूनमध्ये काय सांगायचं

विरळ केस लांब ठेवले की ते जास्त विरळ दिसतात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवे ओढलेले केस लोकलच्या दारात उभं राहिल्यावर दोन मिनिटांत उघडे पडतात. कारागिराला सांगा: बाजूला आणि मागे दोन नंबर मशीन, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, आणि वर कात्रीने दोन-अडीच सेंटीमीटर. बाजू जितकी दाट आणि फुगीर, तितका वरचा भाग उघडा दिसतो, म्हणून बाजू आधी उतरवायची. जेल लावू नका. त्याने केस एकत्र चिकटतात आणि मधली टाळू चमकते. न चमकणारं वॅक्स वाटाण्याएवढं घेऊन हातावर पसरवून लावा.

वस्तऱ्याचं पातं तुमच्यासमोर नवं काढायला सांगा. जुन्या पात्यातून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. हे मागण्यात संकोच वाटायचं कारण नाही.

पूर्ण डोकं उतरवायचं ठरवलं तर

आपल्याकडे इथे एक वेगळीच अडचण आहे. तुळतुळीत डोकं दिसलं की पहिला प्रश्न येतो: ‘घरी काही झालं का?’ वडील गेल्यावर मुलगा क्षौर करतो, तेच लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. दुसरा प्रश्न तिरुपतीचा. काही घरांत आईवडील हयात असताना मुलाने डोकं करणं अशुभ मानतात आणि आईला ते खरोखर लागतं. म्हणून वस्तरा फिरवण्याआधी घरी सांगा, नंतर नव्हे. तिला वार बघायचा असेल तर बघू द्या. पितृपक्ष टाळा. आणि मिशी किंवा दाढी ठेवा: क्षौरात मिशीही जाते, त्यामुळे मिशी असली की बघणाऱ्याचा गैरसमज बराचसा तिथेच मिटतो.

एकदम वस्तऱ्यावर जाऊ नका. आधी एक नंबर मशीन, म्हणजे ३ मिलिमीटर. दोन आठवडे तसे राहा. डोक्याचा आकार, जुन्या खुणा, लोकांचे प्रश्न, सगळ्याची सवय होते. मग झिरो मशीन. त्यानंतर हवं तर गुळगुळीत.

घरी करायचं तर पहिल्या वेळी अर्धा तास हाताशी ठेवा. मशीनने केस जितके आखूड करता येतील तितके करा. लांब केसांवर रेझर फिरवला की तो भरतो, ओढतो आणि कापतो. मग गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल तीन-चार मिनिटं डोक्यावर ठेवा. फेस लावून एक मिनिट थांबा. सुरुवात माथ्यावरून करा, कारण तिथले केस मऊ असतात. कानामागचे आणि मानेवरचे राठ केस तेवढ्या वेळात भिजतात. रेझर केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने फिरवा, दाब न देता. भोवऱ्यापाशी दिशा गोल फिरते, तिथे बोटाने चाचपत छोटे छोटे झटके घ्या; बहुतेक जण इथेच कापून घेतात. कानामागे कान पुढे ओढून धरा. मानेवर हनुवटी छातीला लावा. एका जागेवर दोनदापेक्षा जास्त रेझर नको. उलट्या दिशेने फिरवलं तर गुळगुळीत होतं खरं, पण दोन दिवसांत मानेवर पुळ्या येतात, कारण केस कातडीखाली तुटून आतच वळतात. शेवटी गार पाणी, बारीक कापलं असेल तिथे ओली तुरटी आणि सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर. पातं चार-पाच वेळांनंतर बदला.

पहिले दोन-तीन आठवडे डोकं चेहऱ्यापेक्षा फिकं दिसतं. आतापर्यंत त्यावर ऊन पडलेलं नसतं. त्या टप्प्यातच अनेक जण ‘मला शोभत नाही’ म्हणून परत केस वाढवतात. थोडं थांबा, रंग जुळतो. पण ऊन मुद्दाम घेऊ नका: एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, चेहरा-डोकं-मान मिळून साधारण एक चमचा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. शेतात, साइटवर, बाइकवर असणाऱ्यांना टोपी हाच सोपा उपाय. आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोक्यावर टोपी किंवा फेटा असायचाच. त्यांचं टक्कल चारचौघांत चर्चेला यायचंच नाही.

पॅच, पावडर, औषध, शस्त्रक्रिया

यातलं काहीही करणं कमीपणाचं नाही. फक्त काय घेतोय ते नीट माहीत हवं.

केसांचे तंतू असलेली पावडर विरळ जागेवर चालते, पूर्ण टकलावर नाही, कारण तिला चिकटायला केस लागतात. मुंबई-कोकणच्या घामात आणि पावसात तिचे ठिपके कॉलरवर उतरतात. पॅच टेपने, गोंदाने किंवा क्लिपने बसतो. तीन-चार आठवड्यांनी तो काढून साफ करून परत बसवावा लागतो, म्हणजे हा खर्च कायमचा. क्लिप सतत ओढत राहिल्याने कडेचे चांगले केसही जातात. गोंद वापरणार असाल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा.

औषधांत दोनच नावं पक्की आहेत. मिनॉक्सिडिल ५ टक्के, दिवसातून दोनदा, १ मिलिलिटर, कोरड्या टाळूवर. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. घाबरून तिथेच बंद करणारे सर्वात जास्त. परिणाम चार ते सहा महिन्यांनी दिसतो आणि औषध थांबवलं की मिळालेलं हळूहळू जातं. फिनॅस्टराइड १ मिलिग्रॅमची गोळी, जिला अमेरिकेत १९९७ मध्ये टकलासाठी मान्यता मिळाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची. थोड्या जणांत कामेच्छा कमी होते, काहींत मन उदास होतं. असं झालं तर लाजेने लपवू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. घरात कुणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हात लावू नये. पुढे प्रोस्टेटची पीएसए चाचणी कराल तेव्हा ही गोळी चालू असल्याचं सांगा, तिने आकडा निम्म्याच्या आसपास येतो.

‘टक्कल मुळापासून बरं करू’ अशी जाहिरात दिसली तर एक लक्षात ठेवा: औषध नियम १९४५ च्या परिशिष्ट ‘जे’मधल्या आजारांच्या यादीत टक्कल आहे. ते बरं करतो असा दावा औषधाला करताच येत नाही.

केसरोपणात मागचे केस पुढे आणतात, नवे तयार होत नाहीत. रोपलेले केस दोन-चार आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि पूर्ण चित्र वर्षाने दिसतं. लग्नाच्या दोन महिने आधी करून घेणारे म्हणूनच हमखास फसतात. पंचविशीच्या आत घाई नको: टक्कल कुठवर जाणार हे ठरलेलं नसतं आणि पुढे रोपलेल्या पट्टीच्या मागे रिकामी जागा उरते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचंच आहे. म्हणून विचारा: चिरा कोण देणार? त्यांचा नोंदणी क्रमांक काय? भूल देताना आणि काही बिघडलं तर कोण हजर असेल? एका दिवसात किती ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट रोपायचे केसांचे पुंजके? २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. ‘एका दिवसात सगळं’ हे आश्वासन ऐकलं की उठून या.

आरशासमोर रोज तासभर जात असेल, लग्न-बारसं-मुलाखत केसांमुळे टाळली जात असेल, झोप उडाली असेल, तर केसांच्या आधी मनाची मदत घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

स्थळं बघताना

बायोडाटावरचा फोटो गेल्या तीन-चार महिन्यांतला, दिवसाच्या उजेडातला, टोपी आणि फिल्टरशिवायचा लावा. कॉलेजचा फोटो लावला की कांदेपोह्याच्या कार्यक्रमात समोरच्यांच्या चेहऱ्यावर जो क्षणभराचा बदल होतो, तो टकलामुळे नसतो, फसवल्यासारखं वाटल्यामुळे असतो. खऱ्या फोटोने नकार आधी येतील आणि घरबसल्या येतील. होकार येईल तो तुम्हाला बघून आलेला असेल.

पॅच लावत असाल किंवा रोपण केलं असेल तर साखरपुड्याच्या आधी, दोघं एकटे बोलता तेव्हा, मुलाने स्वतः सांगावं. मध्यस्थाकरवी नको. ‘मी पॅच लावतो, फोटोतही तोच आहे. काढल्यावर कसा दिसतो तो फोटोही दाखवतो.’ गोळी चालू असेल तर तीही सांगा. लग्नानंतर कळलं की प्रश्न केसांचा राहत नाही, विश्वासाचा होतो.

केसांमुळे नकार आला तर कारणं विचारत बसू नका, आणि आईवडिलांनीही फोन करून पटवायला जाऊ नये. नकार देणं हा तिचा हक्क आहे. मात्र त्याच वेळी स्वतःच्या घरच्या अपेक्षांच्या यादीत ‘मुलगी गोरी, सडपातळ, चष्मा नसलेली’ असं लिहिलेलं असेल तर ते आजच खोडा. जी फूटपट्टी आपल्या मुलाला टोचते, तीच दुसऱ्याच्या मुलीला लावणं बरं नव्हे.

लग्नाच्या दिवशी

डोकं उतरवणार असाल तर हळदीच्या दोन दिवस आधी. ताज्या वस्तऱ्यावर हळद चुरचुरते आणि तिचा पिवळेपणा मुहूर्तापर्यंत निघत नाही. हळदीआधी डोक्याला खोबरेल तेलाचा पातळ हात द्या. तयार साटीनचा फेटा गुळगुळीत डोक्यावर फिरतो, म्हणून आतून घट्ट बसणारी पातळ सुती टोपी घाला आणि फेट्याचं माप ती घालूनच घ्या. मुंडावळ्यांची दोरीही त्या टोपीवरून बांधली की घसरत नाही. छायाचित्रकाराला आधीच सांगा की अल्बममध्ये संगणकावर केस भरायचे नाहीत. धाकट्या भावाच्या खिशात दोन सुती रुमाल ठेवा. पंगतीआधी फेटा उतरवला की डोकं आधी कोरडं टिपून घ्यायचं आणि मगच पुढच्या फोटोला उभं राहायचं, कारण फ्लॅशमध्ये चमकतो तो घाम.